मोठ्या खंडानंतर पुन्हा लांब पल्ल्याचं धावणं: अनुभव आणि सल्ले हवेत

मधुरा_वाई
नमस्कार मंडळी. मूळची वाईची, लग्नानंतर पुण्यात कोथरूडला. वय ४३. लॉकडाऊनच्या आधी नियमित धावायचे. अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत व्हायची, मुंबईची पूर्ण मॅरेथॉनही केली होती. मग २०२० आलं, शर्यती बंद पडल्या. त्यातच बाबांचं आजारपण, मुलाची दहावी. धावणं कधी सुटलं ते कळलंच नाही. बाबा गेल्या वर्षी गेले. या उन्हाळ्यात पुन्हा बूट घातले.

अडचण अशी की दम बऱ्यापैकी परत आलाय, पाय मात्र आलेले नाहीत. पाच किलोमीटर पळताना काही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नडग्या आणि टाचेच्या वरची शीर इतकी आखडते की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दुसरी गोष्ट मनाची आहे. डोक्यात जुना वेग ठाण मांडून बसलाय. घड्याळात किलोमीटरला साडेसात मिनिटं दिसली की जीव कासावीस होतो आणि मी नकळत वेग वाढवते.

त्यात धाकट्या बहिणीने सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला आम्हा दोघींची नोंदणी करून टाकली आहे. आता मे संपत आलाय. एवढ्या वेळात यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किमी करण्याची तयारी होऊ शकते का? आणि जुने आकडे तुम्ही डोक्यातून कसे घालवलेत? नेटवर सगळं नवशिक्यांसाठी आहे. पूर्वी भरपूर पळलेल्या आणि मध्ये सुटलेल्या माणसासाठी फारसं काही सापडत नाही, म्हणून हा धागा.

बंड्या_नागपूरकर
मे महिन्यात सुरुवात? पुण्यात राहता म्हणून चाललंय ताई. आमच्याकडे फुटाळा तलावावर पहाटे साडेचारला उभं राहिलं तरी बनियन पिळून निघतं. धागा छान आहे, वाचतोय.

घाटवाट
साताऱ्यात राहतो, तो रस्ता रोजच्या पायाखालचा. शहरातून समर्थ मंदिराच्या पुढे गेलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि मग कासच्या दिशेने चढतच जायचं. वरून वळून त्याच वाटेने खाली. म्हणजे पहिला अर्धा भाग चढ आणि दुसरा उतार.

बाहेरून येणारे सगळे चढाला घाबरतात. चढावर दम लागला की माणूस आपोआप चालायला लागतो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पाय जातात ते उतारावर. परतताना गार वारा असतो, धुकं असतं, कडेला लोक टाळ्या वाजवत असतात, आणि पाय सुटतात. समर्थ मंदिरापाशी येईपर्यंत मांड्या संपलेल्या असतात आणि पुढचे सपाट रस्त्यावरचे किलोमीटर अक्षरशः लंगडत काढावे लागतात. दरवर्षी हे बघतो. चांगले तगडे गडी तिथे डांबरावर बसलेले असतात.

तेव्हा तयारी करायची तर उताराची करा. पुण्यातून बोपदेव घाट जवळ आहे. जुलैपासून पंधरवड्यातून एकदा तिथे जा, चालत चढा आणि हळू पळत उतरा. पावलं छोटी ठेवा, मागे रेलू नका.

केतकी_फिजिओ
मधुराताई, तुमची पायांची तक्रार माझ्याकडे परतणाऱ्या जवळपास प्रत्येक जुन्या धावपटूकडून ऐकायला मिळते. जरा सविस्तर लिहिते.

धावणं थांबलं की सगळ्यात आधी रक्तातल्या द्रवाचं प्रमाण घटतं, अगदी पहिल्या दोन आठवड्यांतच. त्यामुळे हृदयाला एका ठोक्यात कमी रक्त ढकलता येतं आणि दम लवकर लागतो. पण जे लवकर जातं ते लवकर परतही येतं. पुन्हा सुरुवात केली की काही आठवड्यांतच तुम्हाला बरं वाटायला लागतं. स्नायूही बऱ्यापैकी साथ देतात. स्नायूबंध आणि हाडं मात्र या वेगाने बदलत नाहीत. त्यांना महिने लागतात. हाडाच्या बाबतीत तर नव्या भारामुळे आधी जुना भाग पोखरला जातो आणि मग नवा भरला जातो, त्यामुळे मधले काही आठवडे ते उलट नाजूक असतं.

नवशिक्या माणसाचा दमच त्याला थांबवतो, म्हणून तो वाचतो. तुमच्यासारख्यांची पळण्याची ढब शाबूत असते, दम महिनाभरात येतो, मन म्हणतं चला आठ करू, दहा करू. आणि पायांना हे झेपायची वेळ अजून आलेली नसते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो, हे लक्षात ठेवा.

आत्ता करायचं ते एवढंच. आठवड्यातून तीनच दिवस पळा, मध्ये एक दिवस सोडून. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवूनही, आणि हळूहळू हातात वजन घेऊन. नडगी बऱ्याच लांबीवर ठणकत असेल आणि पाय गरम झाल्यावर दुखणं कमी होत असेल तर भार कमी करून बघता येईल. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं त्या क्षणी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं. हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते.

मधुरा_वाई
केतकी, मनापासून आभार. दम आधी आणि पाय नंतर याचं कारण आज कळलं. माझं दुखणं लांबीवर पसरलेलं आहे, एका जागी नाही. रात्री दुखत नाही. आजपासून पायरीवरचा व्यायाम सुरू.

घाटवाट, उताराचं कुणीच सांगितलं नव्हतं.

सुभेदार_काका
फौजेतून निवृत्त. आता गावी, माण तालुक्यात. रोज पहाटे गावच्या पोरांबरोबर असतो. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं आहेत.

माझं म्हणणं थोडं वेगळं. हल्ली जो तो सांगतो, थोडं पळा, थोडं चाला. चालायची सवय एकदा पायाला लागली की मन जरा त्रास झाला की चालायला सांगतं. वेग पार कमी करा, शेजारच्या माणसाशी बोलता येईल इतका कमी, पण पळत राहा. आणि डांबरावर पळू नका. मातीचा रस्ता शोधा. आमच्याच तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच मातीतून पळत रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत गेली, २०१६ ला, ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीत. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला.

पोरी, तू वाईची म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. घाट तुला नवा नाही. होईल.

लंडनकर_डोंबिवली
काका, आदर ठेवून असहमत.

मी चाळिशी ओलांडल्यावर, खूप मोठ्या खंडानंतर, इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमातून परत आलो. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, एवढंच. मला वाटलं होतं हे लहान मुलांचं काम आहे. पण त्याच दीड मिनिटाच्या चालण्याने माझी पोटरी वाचवली. आणि चालत-पळत जाण्याची पद्धत रूढ करणारे जेफ गॅलोवे काही आळशी माणूस नव्हेत. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ते अमेरिकेकडून १०,००० मीटर धावले होते.

मनाचा जो प्रश्न आहे त्याला माझ्यापुरतं उत्तर पार्करनमध्ये मिळालं. दर शनिवारी सकाळी नऊला बागेत ५ किमी, फुकट. २००४ मध्ये इथल्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंपासून ते सुरू झालं आणि आता कितीतरी देशांत चालतं. त्यात एक स्वयंसेवक कायम सगळ्यांच्या मागे चालत येतो, म्हणजे शेवटचा नंबर त्याचाच. ते काम मी बरेच शनिवार केलं. सत्तरीच्या आजी, बाबागाडी ढकलणारे बाप, शस्त्रक्रियेतून उठलेली माणसं, सगळ्यांबरोबर मागून चाललो. तिथे माझा पूर्वीचा वेळ कुणी विचारला नाही आणि हळूहळू मीही विचारायचा थांबलो.

सुभेदार_काका
@लंडनकर, भरतीच्या पोरांना आणि चाळिशीतल्या माणसाला एकच नियम लावता येणार नाही, हे मान्य. पण घाट चढताना चालायचं असेल तर ते ठरवून चालावं. इतकी मिनिटं पळणार, इतकं चालणार. थकलो म्हणून चाललो असं होऊ नये. एवढं तरी माझं ऐका.

लंडनकर_डोंबिवली
ते शंभर टक्के मान्य, काका. गॅलोवेही तेच सांगतात, थकण्याआधी चाला.

कोल्हापुरी_रांगडा
म्हणजे भांडण न होताच मिटलं की! आम्ही पॉपकॉर्न घेऊन बसलोवतो.

ताई, एक महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. शर्यत संपल्यावर कंदी पेढे खायला विसरू नका. आम्ही रंकाळ्याला दोन फेऱ्या मारतो आणि थेट मिसळीच्या गाडीवर. पळण्याचं निम्मं बळ त्या कटात आहे.

पार्ल्याची_मीरा
मिसळ नंतर, आधी रक्त तपासा. हे गांभीर्याने लिहितेय.

चाळिशीनंतर पुन्हा धावायला लागले तेव्हा महिनाभरात सुधारणा व्हायला हवी होती, ती होईना. पाय जड, दुपारी झोप, जिन्यावर धडधड. सगळे म्हणाले वय झालं. हिमोग्लोबिन ठीकठाक होतं, पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, अगदी तळाला गेलेला. या वयात पाळीचं चक्र बिघडतं, रक्तस्राव वाढतो, त्यात धावणं. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे आणि चहा त्यापासून लांब ठेवायचे, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. फरक पडायला वेळ लागला, पण पडला.

सगळ्यांसाठीच सांगते, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, स्वतःला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर मोठ्या खंडानंतर शर्यतीची तयारी सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटाच.

केतकी_फिजिओ
मीराताईंना पूर्ण अनुमोदन. आणखी एक जोड देते. शर्यतीच्या दिवशी सकाळी गुडघा दुखू नये म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन पळायची पद्धत पडली आहे, ती कृपया नको. घाम जाऊन शरीर कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

निवांत_पळू
मला एक प्रामाणिक प्रश्न पडलाय. शर्यत हवीच कशाला?

मीही परतलो, पण एकाही शर्यतीला गेलो नाही. नोंदणीची फी, प्रवास, हॉटेल, टी-शर्टची रांग, पदकाचे फोटो. यात धावणं कुठे राहिलं? मधुराताई, तुम्ही बाबांबद्दल एक वाक्य लिहिलंत आणि पुढे गेलात. मला वाटलं, तुम्हाला धावणं कशासाठी परत हवंय याचं उत्तर तिथे कुठेतरी असेल. चूक असेन तर सोडून द्या. पण आधी सहा महिने विनाघड्याळ, विनाशर्यत पळून बघा.

टेकडीवाली
@निवांत_पळू, तुमचं पटतं आणि नाहीही. बायकांच्या बाबतीत शर्यतीचा एक फायदा आहे जो पुरुषांच्या लक्षात येत नाही. "मला पळायला आवडतं" म्हणून रविवारी सकाळी अडीच तास घराबाहेर राहता येत नाही. "माझी सप्टेंबरला शर्यत आहे" म्हटलं की घर ऐकतं. डबा कोण करणार, दूध कोण घेणार याची व्यवस्था आपोआप लागते. कागदावर छापलेली तारीख लागते हो आपल्याकडे. हे बदलायला हवं, पण तोवर नोंदणी हाच आपला परवाना.

मधुराताई, तुम्ही कोथरूडच्या म्हणजे वेताळ टेकडी तुमच्या दाराशी आहे. माती आहे, चढउतार आहे, काकांनी सांगितलेलं सगळं तिथे मिळेल. मात्र अंधारात एकट्या जाऊ नका. उजाडल्यावर आणि कुणाला तरी बरोबर घेऊन जा. कुत्र्यांच्या टोळ्याही आहेत.

कोल्हापुरी_रांगडा
कुत्रं मागं लागलं की जुना वेग आपोआप परत येतोय. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं!

टेकडीवाली
:D पण खरंच मागे लागलं तर पळू नका. थांबायचं, नजर न भिडवता हळूहळू बाजूला व्हायचं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायची. नुसती हळद लावून गप्प बसायचं असले प्रकार करू नका. ओळखीत पाहिलंय.

माउलीचा_पाईक
धागा जूनच्या तोंडावर आला, योग जुळला. पालख्या निघतील. मी धावपटू नाही, पण पुणे ते सासवड हा वारीतला टप्पा दरवर्षी चालतो. दिवे घाट चढून जायचं असतं आणि दिवसभरात तीस किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. आमच्या दिंडीत एक गृहस्थ आहेत, पूर्वी मॅरेथॉन पळायचे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर थांबले. परत यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आधी वर्षभर फक्त चालणं वाढवलं, मग वारी केली, आणि मग पळायला लागले. ते म्हणतात, तासन्‌तास पायांवर राहण्याची सवय चालण्यानेही लागते आणि त्यात पायाला मार बसत नाही. ताई, तुमच्याही वाटेवर आहे, एक दिवस या.

रन_फॉर_पोहे
ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ, तिचं उदाहरण कुणी दिलं नाही अजून? जानेवारी २००७ मध्ये बाळंतपण आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मनात आणलं की होतं सगळं. साडेतीन महिने भरपूर झाले.

पार्ल्याची_मीरा
@रन_फॉर_पोहे, त्या बाईचं धावणं हीच नोकरी होती. प्रशिक्षक, फिजिओ, दुपारची झोप, सगळं दिमतीला. गरोदरपणातही त्या धावत होत्या. सकाळी दोन डबे भरून विरार लोकल पकडणाऱ्या बाईला हे उदाहरण देऊ नये. त्याने उमेद वाढत नाही, अपराधी वाटतं. आणि "मनात आणलं की होतं" यानेच जास्तीत जास्त नडग्या मोडतात.

रन_फॉर_पोहे
मुद्दा पटला. उत्साह वाढवायचा हेतू होता, तुलना करायचा नव्हता. मग आठवड्याला दहा टक्के वाढीचा नियम तरी चालेल ना?

केतकी_फिजिओ
दहा टक्के हा लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे, कायदा नाही. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर एक अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने १३ आठवड्यांत, या दहा टक्क्यांच्या नियमाने, हळूहळू अंतर वाढवलं, दुसऱ्याने ८ आठवड्यांत. दुखापतीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, साधारण पाचात एक.

आठवड्याला १० किमी पळणाऱ्याने ११ केले काय आणि १२ केले काय, फार फरक पडत नाही. पण ४० चे ४४, मग ४८, मग ५३ असं करत गेलात तर महिन्याभरात कुठल्या कुठे जाल. मी सांगते, तीन आठवडे वाढवा, चौथ्या आठवड्यात उतरवा, आणि सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाच काय म्हणते ते ऐका.

जुना_बूट
एक व्यावहारिक गोष्ट. खंडानंतर परतणारा माणूस माळ्यावरून जुने बूट काढतो. "फार वापरलेले नाहीत, नवेच आहेत" म्हणतो. ते वापरू नका.

माझे असेच खोक्यात जपून ठेवलेले होते. वरून लखलखीत. पहिल्याच फेरीत तिसऱ्या किलोमीटरला डावा तळवा पुढून सुटला आणि जबड्यासारखा उघड-मीट करायला लागला. दोन्ही बाजूंना पिवळट चुरा. तळव्याचा आतला थर बोटाने दाबला तर भुगा हातात आला. आपल्या दमट हवेत काही प्रकारचे तळवे न वापरता पडून राहिले तरी आतून विरघळत जातात, आणि डिंकही सुटतो. ज्यांचा भुगा होत नाही ते टणक होतात आणि धक्के शोषत नाहीत. घरी लेसनेच तळवा बांधून आलो.

मधुरा_वाई
@जुना_बूट, मी जुनेच वापरत होते! आत्ता जाऊन अंगठ्याने दाबून पाहिले, टणक झालेत. उद्या नवे.

@निवांत_पळू, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. बाबांच्या शेवटच्या वर्षात मी सतत दवाखान्याच्या खुर्चीत होते. ते गेल्यावर घर शांत झालं आणि मला बसवेना. धावताना तेवढा वेळ डोकं रिकामं होतं, म्हणून परत आले. त्यात घड्याळाचं काही काम नाही हे तुमचं वाचून लख्ख दिसलं. तरी शर्यत सोडणार नाही, टेकडीवालीने लिहिलेलं कारण आमच्या घरालाही लागू आहे.

मीराताई, फेरिटिनची तपासणी शनिवारी करतेय. माउली, सासवडला येईन.

घाटवाट
शर्यतीच्या रविवारी कास पठारावर फुलांचा हंगाम असतो, गर्दी असते. आदल्या दिवशीच साताऱ्यात मुक्कामाला या. आणि पावसाचा रेनकोट घालून पळू नका, आत घामाने भिजाल. टोपी पुरते, थेंब डोळ्यात जात नाहीत.

आकडेवाला
घड्याळ काढून टाका असं सगळे म्हणतायत, मला ते पटत नाही. मला आकडे आवडतात. आकड्यांमुळेच मी पळतो. माझे जुने वेळ मी तळघरात टाकले नाहीत, फक्त नवी वही घातली. तिच्या पहिल्या पानावर लिहिलंय "पंचेचाळिशीनंतर". त्यातला पहिला १० किमीचा वेळ हा माझा सर्वोत्तम वेळ होता, कारण एकच होता. पुढच्या महिन्यात तो मोडला. आनंद तोच हो, अगदी तोच. शर्यतींमध्ये वयोगट असतातच ना, मग स्वतःला का नसावेत?

दुसरं म्हणजे, घड्याळावर वेगाऐवजी हृदयाचे ठोके दिसतील असं करून ठेवा. वेग पाहून माणूस पळतो, ठोके पाहून माणूस थांबतो. सुरुवातीचे महिने ठोके आटोक्यात ठेवून पळालो आणि तेवढ्याच ठोक्यांना वेग आपसूक वाढत गेला.

निवांत_पळू
@आकडेवाला, घड्याळाच्या बाजूने इतका चांगला युक्तिवाद पहिल्यांदा वाचला. मी घालणार नाहीच, पण वहीची कल्पना आवडली.

मधुरा_वाई
ऑगस्टचा वृत्तांत. फेरिटिन कमी निघालं, औषध सुरू आहे. वारीचा टप्पा चालले, दिवे घाटात पावसात भिजले, पाय दुखले नाहीत. नडग्या आता शांत आहेत. बोपदेवला बहिणीबरोबर जाते, चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, ठरवून, काकांच्या अटीप्रमाणे. पहिल्यांदा उतरले तेव्हा मांड्या तीन दिवस बोलत होत्या, दुसऱ्यांदा जवळपास काहीच नाही. केतकी, हे असं इतक्या लवकर का होतं?

केतकी_फिजिओ
उतारावर स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतो, त्याने सूक्ष्म इजा होते आणि दुखतं. पण एकदा तो मार खाल्ला की स्नायू पुढचे कित्येक आठवडे तशा भाराला तयार राहतो. म्हणूनच शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी शेवटचा मोठा उतार करा आणि नंतर नको.

घाटवाट
झाली शर्यत! मधुराताई आणि बहीण समर्थ मंदिरापाशी भेटल्या, दोघी पळत होत्या, बसलेल्या नव्हत्या. बाकी त्यांनीच लिहावं.

मधुरा_वाई
झाली. दिलेल्या वेळेत, आरामात. वेळ नव्या वहीत लिहिली आहे. उतारावर बहीण सुटायला बघत होती, तिला धरून ठेवलं. शेवटचे किलोमीटर गर्दीतून माणसं ओलांडत आलो. पेढे घेतले.

पुढे काय, हे ठरवलेलं नाही. जानेवारीत मुंबईला पूर्ण पळू का असं मनात येतंय.

केतकी_फिजिओ
अभिनंदन! मुंबईला यंदा अर्धीच करा ताई. हाडांना अजून वर्ष पूर्ण झालेलं नाही. पूर्ण मॅरेथॉन पुढच्या वर्षी.

नवी_आई_२५
नमस्कार, सगळा धागा एका बैठकीत वाचला. बाळ दोन महिन्यांचं आहे, नैसर्गिक प्रसूती. आधी १० किमी पळायचे. घरचे सव्वा महिना झाला म्हणजे झालं म्हणतात, आई म्हणते वर्षभर नको. शिंकले तरी थोडी लघवी होते. कधी सुरू करू?

केतकी_फिजिओ
अभिनंदन आणि छान विचारलंत, बहुतेक जणी शिंकेचं लपवतात. ब्रिटनमधल्या फिजिओंनी २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार धावण्याचा विचार प्रसूतीनंतर १२ आठवड्यांनी, तोही तोवर काही त्रास नसेल तरच. लघवी गळणं, खाली जड वाटणं, कंबर किंवा ओटीपोट दुखणं यातलं काही असेल तर आधी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. हे सहसा सुधारतं, सहन करत बसायची गोष्ट नाही. तोवर चालायला हरकत नाही, रोज थोडं वाढवत. अर्धा तास चालून, एका पायावर तोल सांभाळून, जागच्या जागी उड्या मारून काही गळत किंवा दुखत नसेल तेव्हा एक मिनिट पळण्यापासून सुरुवात करा.

मधुरा_वाई
@नवी_आई, तुम्ही कुठल्या? पुण्यात असाल तर रविवारी सकाळी सातला आम्ही काही जणी वेताळ टेकडीवर चालायला जातो. बाळाला घेऊन आलात तरी चालेल, आळीपाळीने धरू.